एल्रॉयचं रुसलेलं इंजिन

ठिणगी आहे?

नाही.

परत बघ.

परत बघितलं. नाही.

मुळात ऑर्व्हल डिर्क्सने हो म्हणायलाच नको होतं. पण हो म्हणायची वेळ आली तेव्हा त्याच्या तोंडात बटाट्याचं सॅलड होतं, आणि तोंड भरलेलं असताना माणूस मान हलवतो ती वरखालीच हलवतो. चर्चच्या तळघरात मयताचं जेवण चाललेलं. एल्रॉयची बायको बर्नाडीन फोथ कागदी बशी घेऊन त्याच्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "एल्रॉयची एवढी एकच इच्छा होती रे. थोडी राख वरून सोडायची, आपल्या मैदानावर. त्याच्याच विमानातून, त्याच्याच पेट्रोलच्या इंजिनावर. 'त्या विजेच्या भिरभिऱ्यांवर मला घालू नका,' म्हणाला. शेवटी शेवटी दुसरं काही बोलतच नव्हता."

ऑर्व्हलने मान हलवली. वरखाली.

झालं. संपलं. आता सुटका नाही.

कॅन्ससमधल्या न्यूफेल्ड गावच्या मॉडेल विमानवाल्यांत ही रीत जुनी. क्लबाचा सभासद गेला की त्याची दोन-तीन चमचे राख कॅमेऱ्याच्या फिल्मच्या जुन्या डबीत भरायची, डबी विमानाच्या पोटाखाली बांधायची आणि विमान सोडून द्यायचं. ठरलेल्या वेळी घड्याळाची कळ इंजिन बंद करते, त्याच कळीने डबीचं झाकण उघडतं, आणि तो सभासद आपल्या आवडत्या मैदानावर पसरतो. उरलेला माणूस रीतसर दफनभूमीत. सगळे असेच गेले. कोणाचंही इंजिन रुसलं नव्हतं.

आणि मुदत? बर्नाडीनचं घर विकून झालेलं. सोमवारी सकाळी मुलगी तिला घेऊन ऑरेगॉनला निघणार, कायमची. रविवारी न्यूफेल्डमध्ये गवत कापायचं यंत्रसुद्धा कोणी चालू करत नाही, मग विमान कुठलं. म्हणजे शनिवार. शनिवारी संध्याकाळी, वारा पडला की. नाही जमलं तर एल्रॉय ऑरेगॉनला जाणार, फिल्मच्या डबीत, मुलीच्या फडताळात, मसाल्याच्या बाटल्यांशेजारी.

ऑर्व्हलला हे चित्र दिसायला लागलं आणि त्याची झोप गेली.

*

इंजिन बुटांच्या खोक्यातून आलं. ऑर्व्हलने खोकं उघडलं आणि परत मिटलं. मग धीर करून उघडलं.

हे सांगायला हवं की ऑर्व्हलने सारी हयात विमानाच्या कारखान्यात काढली होती, आणि तीही साध्यासुध्या कामात नाही. तो रंगाचा तपासनीस. खऱ्या विमानाचा पंख त्याच्यासमोर यायचा, तो बॅटरीचा झोत तिरका टाकायचा, भिंग लावायचा, आणि पापणीच्या केसाएवढा ओरखडा दिसला की अख्खा पंख परत. एल्रॉय त्याच कारखान्यात दरवाजे बसवायचा. त्याचे दरवाजे तर परत येण्यासाठीच जन्माला यायचे. "स्वर्गाच्या दारात ऑर्व्हलला बसवलं," एल्रॉय म्हणायचा, "तर सेंट पीटरसुद्धा बाहेर राहील." तरी दोघं रोज एकाच बाकावर बसून डबा खात. मैत्रीला काय, कारण लागत नाही.

तर ते इंजिन. तेलाने काळंकुट्ट. एका कडेला चिकटपट्टी, तिच्यावर दुसरी चिकटपट्टी. इंजिनाखालची ॲल्युमिनियमची पट्टी तर कोणी दाताने चावल्यासारखी. आणि हेच इंजिन एल्रॉयच्या हातात पंख्याला दोन टिचक्या मारल्या की सुरू व्हायचं, थंडीत, वाऱ्यात, कशातही.

"या अवतारात मी त्याला वर पाठवणार नाही," ऑर्व्हल म्हणाला.

"तो वर गेलाय, ऑर्व्हल," लिओना म्हणाली. लिओना त्याची बायको. "आता फक्त राख जायचीय."

पण ऑर्व्हल ऐकणारा नव्हता. त्याने इंजिन सुटं केलं. प्रत्येक तुकडा घासला, धुतला, पुसला, परत घासला. ती चावलेली पट्टी अशी चमकवली की तीत स्वतःचं नाक दिसावं. मग पारदर्शक लॅकर. एक थर, वाळवला. बारीक पोलीसपेपरने घासला. दुसरा थर. स्क्रूंनाही, त्यांच्या खालच्या चकत्यांनाही, इंजिनाच्या पायांनाही, वरून, खालून, भोकांच्या आतून. किती थर झाले ते विचारू नये. लिओनाने मध्ये एकदा विचारलं होतं. त्यानंतर ती जेवण गॅरेजच्या दाराशी ठेवून जायला लागली.

झाल्यावर ते इंजिन असं दिसलं की दागिन्याच्या दुकानात ठेवावं.

*

ठिणगी आहे?

आहे! बाकावर आहे. शिकंज्यात इंजिन धरलं, बॅटरीच्या तारा चिमट्याने थेट लावल्या, पंखा फिरवला आणि फट्‌! निळी, सणसणीत ठिणगी. ऑर्व्हलला कळायच्या आत कुंपणापलीकडून आरोळी आली.

"ऑर्व्हल! माझ्या कानात काय करतोयस तू?"

हा मर्ल श्राग, शेजारी. जन्मभर टेलिफोनच्या खांबांवर चढलेला, आता कानांत ऐकायची यंत्रं. ठिणगी पडली की आसपासच्या रेडिओत खरखर होते हे ऑर्व्हलला माहीत होतं. मर्ल आता रेडिओत मोडतो हे लक्षात आलं नव्हतं.

"ठिणगी आहे का बघतोय!"

"आहे! डाव्या कानात जास्त आहे!"

मग इंजिन विमानावर बसवलं. विमान एल्रॉयचंच, पिवळ्या रेशमाचं, हातभर रुंद छातीचं. चार स्क्रू, दोन तारा. पंख्याला टिचकी.

काही नाही.

पुन्हा टिचकी. पुन्हा.

"मर्ल! काही आलं?"

"काही नाही! बरं वाटतंय!"

काढून परत बाकावर आणलं. फट्‌. मर्लची किंकाळी. विमानावर बसवलं. शांतता. बाकावर, किंकाळी. विमानावर, शांतता. लिओना खिडकीतून बघत होती. तिला वाटलं एल्रॉयच्या मागोमाग हाही.

*

इथून पुढे गावाला कळलं. न्यूफेल्डमध्ये एखादी गोष्ट गावाला कळली की ती गोष्ट करणाऱ्याच्या हातात राहत नाही.

मर्ल स्वतः कुंपण ओलांडून आला. कानातली यंत्रं काढून खिशात ठेवली, म्हणजे त्याला सांगता येईल आणि ऐकावं लागणार नाही. "कंडेन्सर," तो म्हणाला. "मी सांगतो, कंडेन्सर. टेलिफोनमध्ये काहीही झालं तरी शेवटी कंडेन्सरच निघायचा."

"पण मर्ल, बाकावर चालतंय. तोच कंडेन्सर आहे."

"हां, मग तोच," मर्ल म्हणाला.

कंडेन्सर बदलला.

ठिणगी?

नाही.

धान्याच्या सोसायटीत सकाळची कॉफी पिणाऱ्या म्हाताऱ्यांचं एक टेबल आहे. तिथे ऑर्व्हल चुकून सिमेंट विचारायला गेला. सिमेंट राहिलं. एक म्हणाला ठिणगीचे पॉइंट घास, पण साध्या कागदाने घास, पोलीसपेपरने घासशील तर मेलास. दुसरा म्हणाला कागदाने काय होतंय, पोलीसपेपरच लागतो. तिसरा म्हणाला त्याच्या बापाच्या ट्रॅक्टरचं अगदी अस्संच झालं होतं, आणि मग त्याने बापाच्या ट्रॅक्टरची कथा सांगितली, जी गारपिटीच्या वर्षापासून सुरू होऊन ट्रॅक्टर विकण्यापाशी संपली, ठिणगीचा पत्ता नाही. चौथा इतका वेळ गप्प होता, तो म्हणाला, पेट्रोल पूर्वीसारखं राहिलं नाही. आणि यावर सगळ्यांचं एकमत होऊन टेबल उठलं.

पॉइंट कागदाने घासले. मग पोलीसपेपरने. मग पुन्हा कागदाने, पोलीसपेपरचा दोष काढायला. कॉइल बदलली. बॅटऱ्या बदलल्या, उलट्या घालून बघितल्या, सुलट्या घालून बघितल्या. ऑर्व्हल आता बसत नव्हता. जेवताना उभा. चर्चच्या सभेत मागच्या भिंतीला टेकून उभा. बोलता बोलता हाताची तर्जनी आपोआप टिचकी मारायची, समोर कोणी असो. बँकेतल्या बाईने विचारलं, "मिस्टर डिर्क्स, तुम्ही मला बोलावताय का?"

क्लबाचा अध्यक्ष गेलन उन्रू. पन्नाशीतला, टोपी सरळ घालणारा. त्याचं म्हणणं, प्लग ओला झालाय. प्लग भाजून घ्यावा. "माझ्या आजोबांची पद्धत. भट्टीत टाकायचे."

भट्टी म्हणजे घरचा ओव्हन. त्यात त्या दुपारी लिओनाने बीरॉक ठेवलेले, कोबी-खिम्याचे गोल पाव, चर्चच्या सामुदायिक जेवणासाठी. ऑर्व्हलने विचार केला, एक बारीक प्लग, कोपऱ्यात, कोणाच्या मध्ये येतोय? प्लग भाजला. बीरॉकही भाजले. संध्याकाळी चर्चमध्ये पहिला घास घेतल्यावर लोक एकमेकांकडे बघायला लागले. न्यूफेल्डची माणसं सभ्य. कोणी काही बोललं नाही. फक्त पास्टर एडिगरांनी पाव अर्धा खाऊन अतिशय हळुवारपणे विचारलं, "लिओना, यात जायफळ आहे का?"

लिओना घरी येईपर्यंत बोलली नाही. घरी आल्यावर बोलली.

तो भाग सोडून देऊ.

*

आणि तेवढ्यात गेलनला नियम आठवला.

"ऑर्व्हल, एक अडचण आहे," तो फोनवर म्हणाला. "विम्याच्या नव्या नियमाप्रमाणे उडत्या मॉडेलमधून काही खाली टाकायचं तर जिल्हा कचेरीची हरकत नाही ना, हे विचारावं लागतं. वस्तू टाकायची तर."

"एल्रॉय वस्तू आहे?"

"आता तसा वस्तूच की."

ऑर्व्हलने कचेरीत फोन लावला. उभ्यानेच.

"विमानातून काय टाकणार आहात, सर?" मुलीचा गोड आवाज.

"मित्र."

"... पॅराशूट आहे का?"

"नाही. राख आहे. तीन चमचे."

"एक मिनिट हं." संगीत. मग दुसरा आवाज, पुरुषाचा, खोकला झालेला. त्याला सगळं पुन्हा सांगितलं. "दफन विभाग आमच्याकडे नाही. आमच्याकडे विमानातून टाकायच्या गोष्टींत तीनच प्रकार आहेत. जाहिरातीचे कागद, कीटकनाशक, आणि खत."

ऑर्व्हलने तिन्ही बोटांवर मोजले.

"त्यातल्या त्यात तुमचा मित्र कशात बसतो?"

ऑर्व्हलने खिडकीबाहेर बघितलं. एल्रॉयने आयुष्यात एक कीटक मारला नव्हता. जाहिरात तर स्वतःचीही केली नव्हती.

"खत," तो म्हणाला.

"सेंद्रिय?"

"पूर्णपणे."

"मग आमची काही हरकत नाही," खोकला झालेला माणूस म्हणाला. "आणि सर... वाईट वाटलं ऐकून."

*

शुक्रवारी गेलन स्वतः गॅरेजमध्ये आला. हातात त्याचं पांढरं विमान, थर्मोकोलसारखं, मधमाशीएवढा आवाज करणारं. बॅटरी भरलेली.

"हे नुसतं जवळ असू दे, ऑर्व्हल. तुझं नाही लागलं तर. बटण दाबलं की चालू."

"तो म्हणाला होता विजेवर घालू नका."

"तो म्हणाला होता, बरोबर. पण तो आता... आणि बर्नाडीन सोमवारी निघतेय. तिला ती डबी घेऊन पाठवायचं का?"

गेलनचं काही चुकत नव्हतं. तेच तर. गेलन बरोबर होता आणि त्याचं विमान पांढरंशुभ्र होतं आणि ते बटण दाबलं की चालू होणार होतं. ऑर्व्हलच्या तर्जनीने हवेत टिचकी मारली. गेलनला वाटलं, आपल्याला हाकलतोय. तो गेला. विमान ठेवून गेला.

रात्रभर ते पांढरं विमान गॅरेजमध्ये टेबलावर बसून राहिलं, पाहुण्याची वाट बघणाऱ्या वेटरसारखं.

*

शनिवार. मैदान. कापलेल्या गव्हाची खुंटं, कडेला ओळीने उभे पिकअप ट्रक. वारा पश्चिमेकडून आला, आला, मग दमला आणि जवळजवळ थांबला. बर्नाडीन घडीच्या खुर्चीवर, मांडीवर गोधडी. लिओना नव्या बीरॉकची टोपली घेऊन. झाकण तिने दोरीने बांधलं होतं आणि ओव्हनची किल्ली असती तर तीही गळ्यात बांधली असती. पास्टर एडिगर बायबल उघडून तयार.

डबी विमानाच्या पोटाखाली. आत तीन चमचे.

ऑर्व्हलने इंजिनावरचं फडकं काढलं आणि लोकांत एक कुजबुज गेली. उतरत्या उन्हात ते इंजिन असं झळाळलं की मर्लने डोळ्यांवर हात धरला. कारखान्यातल्या एका जुन्या सोबत्याने टोपी काढली. तेवढा एक क्षण ऑर्व्हलला बरं वाटलं. बऱ्याच दिवसांनी.

पास्टरांनी स्तोत्र सुरू केलं. ठरलं असं होतं की स्तोत्र संपताना इंजिन लागेल.

टिचकी.

टिचकी. टिचकी.

स्तोत्र संपलं. पास्टरांनी डोळा वर करून बघितलं, आणि शांतपणे दुसरं काढलं. ऑर्व्हलचा घाम नाकावरून पंख्यावर पडला. दुसरंही संपलं. तिसरं लहान निघालं. मग पास्टरांनी सुस्कारा सोडून पानं मागे-पुढे केली आणि एकशे एकोणिसावं उघडलं, ज्याहून लांब स्तोत्र बायबलात नाही. लोकांनी पाय बदलले. गेलन हळूच ऑर्व्हलच्या गाडीकडे गेला आणि मागे ठेवलेलं ते पांढरं विमान काखेत घेऊन आला; नुसतं जवळ असू दे म्हणून.

बर्नाडीनने ते बघितलं. गोधडीची कड दुमडली, उलगडली.

"माझं ऐक," मर्लला आता राहवेना. तो हातात स्क्रूड्रायव्हर घेऊन पुढे आला. "त्या दिवशी तू बदललास तो कंडेन्सरच खराब असणार. हे बघ, हा इथे—"

त्याने दाखवायला स्क्रूड्रायव्हर टेकवला. ऑर्व्हलची तर्जनी सवयीने फिरली.

भर्र्र्र!

पंख्याने ऑर्व्हलच्या बोटावर सणसणीत फटका मारला, मर्ल "कान! कान!" ओरडत मागे उडाला, आणि इंजिन लगेच मेलं.

पास्टर ओळीच्या मध्येच थांबले.

"बघितलं?" मर्ल कानातून यंत्रं उपटत म्हणाला. "नुसतं कंडेन्सरचं नाव काढलं!"

"परत टेकव," गेलन म्हणाला.

"नाव घेऊ का?"

"टेकव रे बाबा."

टेकवला. टिचकी. भर्र्र्र. स्क्रूड्रायव्हर काढला. बंद. टेकवला, चालू. काढला, बंद. मर्लला मजा यायला लागली. तो वाजवतच सुटला. पण ऑर्व्हल इंजिनाकडे बघत नव्हता. स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाच्या तापणाऱ्या, म्हणून लॅकर न मारलेल्या पात्याला टेकत होतं आणि दांडी त्या ॲल्युमिनियमच्या पट्टीवर, कडेच्या एका जागी, जिथे मर्लच्या पहिल्याच धक्क्याने लॅकरचा टवका उडाला होता.

वीज बॅटरीतून निघते, कॉइलमधून इंजिनात येते. येऊन काम करते. पण काम झालं की तिला घरी जायचं असतं. इंजिनाच्या पायांतून, त्या पट्टीतून, पट्टीला जोडलेल्या तारेतून, परत बॅटरीत. परतीची वाट नसेल तर ती यायलाच तयार होत नाही. बाकावर ऑर्व्हल तार थेट इंजिनाला लावायचा. विमानात ती पट्टीला होती. आणि पट्टी आणि इंजिनाचे पाय यांच्यामध्ये, वर, खाली, भोकांच्या आत, चकत्यांच्या पाठीला, काचेसारखं, निर्दोष, एक ओरखडा नसलेलं—

ऑर्व्हलला हे सगळ्यांच्या आधी कळलं. काही वेळ त्याने ते कोणाला सांगितलं नाही. एवढा हक्क माणसाला असतो.

"लॅकर," तो शेवटी म्हणाला.

"काय?" मर्ल.

"लॅकर. मी मारलेलं."

"ऐकू येत नाही!"

"लॅकर आहे!" ऑर्व्हल ओरडला, आणि कॅन्ससच्या सपाट मैदानात ओरडलेलं दूरवर जातं. "मी लावलं! मी वीज अडवली! कंडेन्सर ठीक आहे, कॉइल ठीक आहे, पेट्रोल पूर्वीसारखंच आहे! मी!"

कोणी हसलं नाही. मग एक हसू आलं, बारीक, खुर्चीतून. बर्नाडीन. तिने तोंडावर गोधडी धरली होती, पण खांदे हलत होते. "देवा रे," ती म्हणाली, "तो मेल्यावरही याने त्याचं काम परत पाठवलं." आणि मग सगळं मैदान हसलं, पास्टर बायबलाआड, लिओना टोपलीवर डोकं टेकून, गेलन पांढऱ्या विमानासकट.

ऑर्व्हल ताठ उभा. कान लाल. बोटातून रक्त.

"खरवड की मग," बर्नाडीन डोळे पुसत म्हणाली. "ऊन चाललंय."

त्याने खिशातून चाकू काढला. पातं उघडलं. स्क्रू सैल केले, इंजिन उचललं, आणि पट्टीवर पातं टेकवून तो थांबला. आपण काय करतोय ते ज्याला कळत नाही त्याला ओरखडा सहज काढता येतो. ऑर्व्हलने जन्मात एकही मुद्दाम काढला नव्हता. पहिला निघाला तेव्हा त्याने डोळे मिटून घेतले. दुसऱ्याला उघडे ठेवले. तिसऱ्यानंतर त्याला थांबवेना. करकर, करकर, पाय, चकत्या, भोकं, सगळं. जुन्या सोबत्याने परत टोपी घातली, पण तोंड फिरवलं.

चार स्क्रू आवळले. टिचकी.

एकच.

इंजिन असं लागलं की मर्ल ट्रकच्या पलीकडे पळाला. ऑर्व्हलने विमान डोक्यावर धरलं, अंगात ती थरथर उतरली, घड्याळाची कळ दाबली, आणि बर्नाडीनकडे बघितलं. तिने मान हलवली. वरखाली.

त्याने सोडलं.

पिवळं विमान गोल गोल घेत वर चढलं, तिरकं, उद्धट, मागे निळा धूर. वर, आणखी वर. मग आवाज तुटला. इंजिन बंद, ठरल्याप्रमाणे. आता डबी उघडणार. सगळ्यांच्या माना वर. विमान तरंगायला लागलं, पण खाली येईना. दिवसभर तापलेली जमीन संध्याकाळी ऊब सोडते. त्या उबेत ते सापडलं आणि घारीसारखं फिरत वरच चाललं. आणि तेव्हा ऑर्व्हलला आठवलं की शेपटीची वात त्याने पेटवलीच नव्हती, जी जळून शेपटी उचलते आणि विमानाला खाली उतरवते. हसण्याच्या गडबडीत. आता ते हवेच्या मर्जीवर होतं. हवा पूर्वेला निघाली होती.

ठिपका झाला. मग ठिपक्याची शंका.

"उघडलं का?" बर्नाडीनने विचारलं.

"उघडलं," गेलन म्हणाला. "मला वाटतं उघडलं."

"मला काही दिसलं नाही," मर्ल.

"धूर होता तो, की..." पास्टर.

"धूर इंजिनाचा. राख करडी असते."

"ऊन डोळ्यांवर होतं माझ्या."

सगळे बोलून झाले आणि सगळे ऑर्व्हलकडे बघायला लागले. साहजिक आहे. पापणीच्या केसाएवढा ओरखडा ज्याला दिसतो, ज्याने न बघितलेली गोष्ट आयुष्यात कधी पास केली नाही, त्याला विचारायचं नाही तर कोणाला? बर्नाडीनही त्याच्याकडे बघत होती. सोमवार तिच्या डोळ्यांत दिसत होता.

ऑर्व्हलने वरच बघितलं होतं, सगळा वेळ. त्याला एक पिवळं पोट दिसलं होतं आणि त्याखाली काळी डबी. झाकणाचं सांगता येत नव्हतं.

"उघडलं," तो म्हणाला. "मी बघितलं. आपल्या डोक्यावरच पसरला."

बर्नाडीनने श्वास सोडला. खूप दिवसांचा वाटला तो. लिओनाने नवऱ्याकडे बघितलं, इतकं नीट बघितलं की त्याला खिशातून रुमाल काढावा लागला.

"मग चला," मर्ल हात चोळत म्हणाला. "शोधू या. अंधार पडायच्या आत. ते पूर्वेला—"

क्लबाची ही दुसरी रीत. विमान उडून गेलं की सगळ्यांनी ट्रक काढायचे आणि सापडेपर्यंत शेतं पालथी घालायची. आणि सापडलं की त्याच्या पोटाखाली डबी असणार. डबीला झाकण असणार. ते एकतर उघडं असणार किंवा—

"मी पुढे जातो," ऑर्व्हल म्हणाला. "बर्नाडीन, माझ्या गाडीत बस."

तो पळतच गेला. दार उघडलं, तिला बसवलं, गाडी चालू केली. मैदानाच्या फाटकाशी रस्ता दोन्हीकडे जातो. विमान पूर्वेला गेलं होतं. ते मैदानावरच्या प्रत्येकाने मान वळवून वळवून बघितलं होतं. ऑर्व्हलने एक क्षणही न थांबता, तपासनिसाच्या ठामपणाने, गाडी पश्चिमेला वळवली.

मागे मर्लचा ट्रक फाटकाशी अडखळला. गेलनचा त्याच्या मागे. मग मर्ल पश्चिमेला वळला. गेलनही. मग पास्टर. एकेक करून सगळे वळले आणि ओळीने येऊ लागले, धूळ उडवत. कोणी हॉर्न दिला नाही.

बर्नाडीन बराच वेळ समोर बघत होती. गोधडी मांडीवर.

"ऑर्व्हल," ती म्हणाली, "सूर्य डोळ्यांवर येतोय."

त्याची तर्जनी स्टिअरिंगवर आपटत होती. ती थांबली.

"वळवू का?"

तिने समोरची उन्हाची झडप खाली ओढली आणि सीटमध्ये नीट टेकून बसली.

"नको," ती म्हणाली. "जाऊ दे असंच थोडं."